बेंबीमागचं कडं

सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात कानावर पडणारी मराठी बहुधा खानदेशी वळणाची असते. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने ही माणसं इथे आणली. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव ही त्या मार्गावरची स्टेशनं इथल्या कित्येक घरांचा मूळ पत्ता आहेत. घरातले पुरुष लूमवर, डाइंगच्या मिलमध्ये किंवा कापड मार्केटमध्ये कामाला जातात. अनेक बायका घरीच साड्यांना लेस आणि टिकल्या लावून देतात. बाळंतपणाला सून गावी गेलेली असो वा सुरतेतच राहिलेली, बाळाच्या अंगाला तेल लावायला आजी हवीच. बाळाची बेंबी बाहेर येते आहे हे सगळ्यांत आधी दिसतं ते तिलाच. नाळ पडून दोन-चार आठवडे झालेले असतात. बाळ रडलं की बेंबी टम्म फुगते आणि निजलं की मऊ पडून आत जाते. बोटाने दाबली तर आत गुरगुर आवाजही येतो.

कारण काय, यावर घरात तीन मतं असतात. दवाखान्यात नाळ नीट बांधली नाही, हे पहिलं. बाळ फार रडतं, हे दुसरं. पोटात वारा धरलाय, हे तिसरं. पहिल्या मताला मोठी परंपरा आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नाळ बेंबीपासून आठ अंगुळं सोडून कापावी, दोऱ्याने बांधावी आणि दोऱ्याचं टोक बाळाच्या गळ्यात सैल अडकवावं, असं सांगितलं आहे. हे नीट केलं नाही तर होणाऱ्या विकारांत बेंबी वर येण्याचाही समावेश आहे. म्हणजे सुईणीला दोष देण्याची ही सवय निदान दोन हजार वर्षं जुनी. पण नाळ कुठे कापली, कशाने बांधली, चिमटा धातूचा होता की प्लास्टिकचा, यावर हा फुगवटा, म्हणजे बेंबीचा हर्निया, अवलंबून नसतो. नाळ कापली जाते बेंबीच्या बाहेर आणि उणीव असते बेंबीच्या आत, पोटाच्या भिंतीत. कापणाऱ्याचा हात तिथवर पोहोचतच नाही.

डॉक्टर गुजराती असतील तर ते हर्नियाला ‘सारणगांठ’ म्हणतात आणि घर हादरतं. कारण सारणगांठ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते कापडाचे तागे उचलून जांघेत गाठ आलेले काका आणि त्यांचं ऑपरेशन. नाव एकच असलं तरी ही दोन दुखणी वागायला अगदी उलट आहेत. मोठ्या माणसाचा जांघेतला हर्निया आपोआप कधीच बरा होत नाही, उलट वाढत जातो. बाळाच्या बेंबीचा हर्निया दहापैकी आठ-नऊ वेळा कुणी हात न लावता बंद होतो. असं का, ते समजायला बेंबीच्या मागे काय असतं ते पाहावं लागेल आणि त्यासाठी थेट गर्भापर्यंत मागे जावं लागेल.

गर्भ सहा आठवड्यांचा असतो तेव्हा त्याची लांबी जेमतेम एक सेंटिमीटर असते. त्याच्या पोटात तेव्हा सगळ्यांत मोठा अवयव असतो यकृत. त्याने जागा अडवलेली आणि आतडं तर झपाट्याने वाढत चाललेलं. मग आतडं पोट सोडून बाहेर पडतं आणि नाळेच्या मुळाशी जाऊन राहतं. चांगले चार आठवडे त्याचा मुक्काम तिथेच असतो. दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोट ऐसपैस झालं की आतडं परत येतं आणि येताना स्वतःभोवती फिरून आपली कायमची जागा घेतं. जाता-येताचं हे फिरणं मिळून २७० अंशांचं होतं. म्हणजे जन्माआधी आपण सगळेच काही आठवडे बेंबीचा हर्निया घेऊन जगलेलो असतो. (हे आठवडे गर्भधारणेपासून मोजलेले आहेत. सोनोग्राफीच्या कागदावर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे तिथे दोन जास्त दिसतील.) परतीचा हा प्रवास झालाच नाही तर मूल जन्मतं ते पातळ आवरणात गुंडाळलेली आतडी नाळेच्या मुळाशी बाहेर घेऊनच. तो वेगळा आणि गंभीर आजार आहे, त्याला जन्मल्याबरोबर शल्यविशारद लागतो. आपल्या विषयातल्या बाळाचं आतडं मात्र वेळेवर घरी आलेलं असतं आणि बेंबीवर धडधाकट कातडी असते. राहिलेलं असतं फक्त भोक.

हे भोक म्हणजे बेंबीचं कडं. जन्माच्या दिवसापर्यंत ते उघडं असणं भागच असतं, कारण आईकडून येणारं सगळं तिथूनच येतं. त्यातून एक शीर आत जाते आणि दोन रोहिण्या बाहेर येतात. शीर वारेतून प्राणवायूने भरलेलं रक्त आणते आणि वरच्या बाजूला वळून यकृताकडे जाते. रोहिण्या कटीकडून, मूत्राशयाच्या दोन्ही अंगांनी वर येतात आणि वापरलेलं रक्त वारेकडे नेतात. त्या दोघींच्या मधून मूत्राशयाच्या शेंड्यापासून बेंबीपर्यंत एक बारीक नळी आलेली असते. जन्माआधीच ती बहुतेक बुजते. गर्भाच्या सुरुवातीला आतड्याला जोडणारी आणखी एक नळी असते, तीही लवकरच नाहीशी होते. या दोन नळ्यांपैकी एखादी उघडी राहिली तर बेंबीतून लघवी झिरपते किंवा शी येते. ओली राहणारी बेंबी आणि फुगणारी बेंबी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दवाखान्यात सांगताना त्यांची सरमिसळ करू नये.

बाळ जन्मतं, पहिला श्वास घेतं, नाळ कापली जाते. आता या वाहिन्यांना काम उरत नाही. रोहिण्या आवळून बंद होतात, शीर रिकामी होते आणि पुढच्या आठवड्यांत त्यांच्या दोऱ्या होतात. आपल्या प्रत्येकाच्या पोटाच्या भिंतीला आतून या दोऱ्या आजही चिकटलेल्या आहेत. बेंबीपासून खाली जाणाऱ्या तीन, दोन रोहिण्यांच्या आणि एक मूत्राशयाच्या नळीची. वर यकृताकडे जाणारी एक, त्या शिरेची. दुर्बिणीने पित्ताशय काढणाऱ्या डॉक्टरांना ही वरची दोरी रोज दिसते.

आता या चार दोऱ्या कड्यावर कुठे बसतात ते पाहा, कारण हर्नियाचं गणित तिथेच आहे. खालच्या तिन्ही कड्याच्या खालच्या काठाशी येऊन मिळतात. रोहिण्यांच्या भिंती जाड असतात. त्या आक्रसताना घट्ट वण तयार होतो आणि कड्याचा खालचा अर्धा भाग पक्का बुजतो. वरच्या अर्ध्या भागात एकच शीर होती, तीही पातळ भिंतीची. तिचा वण त्यामानाने हलका पडतो. बहुतेक माणसांत यकृताकडची दोरी कड्यावरून खाली येऊन खालच्या काठाला चिकटते, म्हणजे भोकावर तिचं आपोआप आच्छादन होतं. काहींत ती वरच्या काठाशीच फाटा फुटून थांबते, आणि मग भोकाच्या मध्यावर काहीच उरत नाही. तिच्या मागे आणखी एक पडदा असतो. पोटाच्या स्नायूंच्या आतल्या बाजूचं अस्तर बेंबीमागे जाड होऊन तो बनतो. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शल्यविशारद आल्फ्रेड रिशे यांचं नाव त्याला दिलं जातं. हा पडदा काहींत सगळं कडं झाकतो, काहींत अर्धवटच, आणि काहींत नसल्यासारखाच असतो. दोरी बाजूला पडली आणि पडदाही नसला, तर आतडं आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये उरतात फक्त पोटातली झिलईदार पातळ त्वचा आणि वरची कातडी. बेंबीच्या कातडीखाली चरबीचा थरही नसतो. अशा ठिकाणी आतून दाब आला की आतडं कड्याच्या वरच्या भागातून डोकावतं. म्हणून या फुगवट्याचं भोक बोटाने चाचपलं तर ते बेंबीच्या मध्यापेक्षा किंचित वर लागतं.

कड्याभोवतीची भिंत कशाची, हेही सांगायला हवं, कारण भोक बुजवायचं काम तीच करते. पोटाच्या दोन्ही अंगांना स्नायूंचे तीन थर एकावर एक असतात आणि तिन्हींचे धागे वेगवेगळ्या दिशांनी धावतात. मध्याकडे येताना मांस संपतं आणि चिवट पांढरे पापुद्रे सुरू होतात. पोटाच्या मधोमध छातीपासून ओटीपोटापर्यंत दोन उभे स्नायू आहेत. व्यायामशाळेतली मुलं आरशात बघतात ते हेच. हे पापुद्रे त्या उभ्या स्नायूंना पुढून-मागून खोळ घालतात आणि मध्यरेषेवर डाव्या-उजव्या बाजूचे धागे एकमेकांत गुंततात. नवागामच्या वाचकाला ही रचना समजावणं सोपं आहे. हा ताणा-बाणाच आहे, फक्त धागे काटकोनात न जाता तिरपे जातात. पण लूमवरच्या कापडाला भोक पडलं तर ते भोकच राहतं. हे कापड जिवंत आहे आणि पहिली काही वर्षं त्याचं विणकाम चालूच असतं. कड्याच्या काठाला नवे धागे धरत जातात, उभे स्नायू जाड होऊन मध्याकडे सरकतात, आणि भोक वर्षावर्षाने लहान होतं.

बाळांत या मध्यरेषेची पट्टी बेंबीच्या वर चांगली रुंद असते. बाळ उठायला मान उचलतं तेव्हा छातीपासून बेंबीपर्यंत पोटावर एक उभी उंच कड दिसते आणि घरच्यांना वाटतं, हाही हर्नियाच. तो हर्निया नव्हे. दोन उभ्या स्नायूंमधलं अंतर आहे ते, मूल चालूफिरू लागलं की भरून येतं. बेंबीपासून थोड्या अंतरावर, मध्यरेषेवरच वाटाण्याएवढी दुखरी गाठ असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ते मध्यरेषेच्या विणीतलं स्वतंत्र भोक असतं, त्याला बेंबीच्या कड्यासारखी बंद होण्याची सवय नसते, आणि ते बहुधा शिवावंच लागतं. बाळाचं पोट एकूणच पुढे आलेलं दिसतं ते यकृत मोठं आणि कटीची जागा लहान म्हणून. मूत्राशयसुद्धा या वयात कटीत मावत नाही, ते पोटातच असतं. याला ‘वारा’ म्हणायचं कारण नाही.

रडण्याचं काय? रडताना, जोर करताना पोटातला दाब वाढतो आणि भोक असेल तर आतडं त्यातून बाहेर येतं. रडण्याने भोक पडत नाही, असलेलं भोक दिसतं इतकंच. म्हणून बाळ रडू नये यासाठी रात्रभर आळीपाळीने खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या घराने जरा विश्रांती घ्यायला हरकत नाही.

घरच्यांचं लक्ष फुगवट्यावर असतं, डॉक्टरांचं भोकावर. फुगवटा किती मोठा दिसतो हे कातडी किती ताणली त्यावर ठरतं, आणि त्याचा भोकाच्या मापाशी फारसा संबंध नसतो. दोन-तीन सेंटिमीटर पुढे लोंबणाऱ्या बेंबीमागचं कडं कधी अर्ध्या सेंटिमीटरचं निघतं, तर दिसायला बेताच्या फुगवट्यामागे दीड सेंटिमीटरचं असू शकतं. तपासायची पद्धत साधी आहे. बाळ शांत असताना फुगवटा हलकेच आत दाबायचा आणि बोटाच्या टोकाने कड्याचा टणक काठ चाचपायचा. करंगळीचं टोकही जात नसेल तर कडं लहान. एक सेंटिमीटरच्या आतली कडी बहुतेक बंद होतात. दीड सेंटिमीटरच्या वरची आपोआप बंद व्हायची शक्यता बरीच कमी असते. यासाठी सोनोग्राफी लागत नाही. पैसे खर्चून काढून आणलेल्या अशा सोनोग्राफीच्या फायली पाहिल्या की वाईट वाटतं.

हा हर्निया मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. भेद करतो तो वजनाचा. महिने भरण्याआधी जन्मलेल्या, दीड किलोच्या आतल्या बाळांत तो इतका सर्रास दिसतो की चार बाळांत तिघांना असतो. भिंत विणून व्हायच्या आधीच बाळ बाहेर आलेलं असतं, त्याला दुसरं काय होणार? भारतात पाच-सहा बाळांतलं एक अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मतं. बाळंतपणाच्या महिन्यापर्यंत साड्यांवर टिकल्या लावत बसणाऱ्या बायांच्या वस्तीत असा हर्निया जास्त दिसला तर नवल वाटायला नको. समाधान एवढंच की या बाळांचीही कडी पुढे बहुधा मिटतात.

फुगलेल्या बेंबीच्या आडून एक खरा आजार येतो आणि तो चुकवू नये. जन्मतः थायरॉइड ग्रंथी काम करत नसेल तर बाळाची बेंबी फुगते, पण त्याबरोबर बाळ सुस्त असतं, जीभ मोठी आणि बाहेर आलेली, रडणं घोगरं, शी कडक, कावीळ आठवडे लोटले तरी जात नाही. भारतात हजार-बाराशे बाळांत एकाला हा आजार असतो. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर तो कळतो आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने आवरतो. पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धीची वाढ शाबूत राहते, उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. ‘फार शहाणं बाळ आहे, रडतच नाही’ असं कौतुक होत असलेल्या बाळाची बेंबी फुगलेली दिसली, तर ते कौतुक बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी.

आता नाण्याबद्दल. बेंबीवर रुपयाचं नाणं ठेवून वर कापडी पट्टा आवळायचा, हा उपाय खानदेशातही आहे, सौराष्ट्रातही आहे आणि युरोप-अमेरिकेतही होता. तिकडचे डॉक्टर तर पूर्वी चिकटपट्टी लावून हेच करत. नाण्याने फुगवटा झाकला जातो, कड्याला काहीच होत नाही. नाणं भोकाच्या पुढे बसतं, आणि भोक बुजतं ते काठाच्या वाढीने. तरी हा उपाय जगभर टिकला, कारण तो बहुतेक वेळा ‘लागू पडतो’. ज्या बाळांची बेंबी आपोआप बसणारच होती, त्यांची नाण्याखालीही बसते. आणि श्रेय नाण्याला जातं. सुरतच्या उन्हाळ्यात घामेजलेल्या पट्ट्याखाली कातडी सोलते आणि पिकते, आणि पट्टा सुटला की नाणं बाळाच्या हातात आणि तिथून तोंडात जातं. पोटावर लावतात तो हिंगाचा लेप त्यामानाने निरुपद्रवी, पण नाळ पडून बेंबी पूर्ण सुकली नसेल तर तोही नको.

याहून भयंकर आहेत ते डाग. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याच्या टोकाने पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात त्याचंच नाव डाम. अशी बाळं भाजलेल्या पोटानिशी आणि रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गानिशी हॉस्पिटलात येतात. ज्या भिंतीचे थर आपण आत्ता मोजले, ती बाळाच्या पोटावर इतकी पातळ असते की चटका कुठवर जाईल याचा नेम नाही. ही प्रथा अज्ञानाने टिकली असं म्हणून मोकळं होता येत नाही. रात्री पोट फुगून बाळ किंचाळत असताना जवळ कुणीच नसतं, तेव्हा माणसं हाताशी जे असेल ते करतात.

घाई कधी करायची, हे तेवढं पक्कं लक्षात ठेवावं. एरवी मऊ असणारी, दाबली की आत जाणारी बेंबी एकदम कडक झाली, लाल-काळसर पडली, बाळ हात लावू देत नसेल, ओकत असेल, तर आतडं कड्यात अडकलं आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. नवागामहून स्मीमेर आणि नवी सिव्हिल ही दोन्ही हॉस्पिटलं फार लांब नाहीत, आणि तोवर बाळाला काही पाजू नये. असं होतं क्वचित, जुन्या अंदाजाप्रमाणे दीड हजारात एखाद्याला. म्हणून केवळ या भीतीपोटी सहा महिन्यांच्या बाळाला भूल देऊन टाके घालण्यात शहाणपण नाही. बालशल्यविशारद चार-पाच वर्षांपर्यंत थांबा म्हणतात. ज्याचं आपोआप मिटायचं त्याचं तोवर मिटतं, आणि मोठ्या मुलाला भूल देणंही सोपं जातं. घरच्यांना मात्र हे ‘थांबा’ म्हणजे डॉक्टरांची टाळाटाळ वाटते, आणि मग तेच बाळ तीन दवाखाने फिरतं. कुठेतरी कुणीतरी ऑपरेशनला तयार होतंच.

पाचव्या वर्षीही कडं उघडं असेल, किंवा दोन वर्षांनंतरही खूप मोठं राहिलं असेल आणि लहान होत नसेल, तर मात्र शिवून घ्यावं. विशेषतः मुलीच्या बाबतीत टाळाटाळ नको. आज न शिवलेलं भोक उद्या तिच्या गरोदरपणात पुन्हा ताणलं जातं आणि तेव्हा ते जास्त त्रास देतं.

ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचं. पूर्ण भूल देतात. बेंबीच्या खालच्या कडेला, तिथल्याच घडीत चंद्रकोरीसारखा छेद घेतात, म्हणजे पुढे वण दिसत नाही. आतली पिशवी कातडीपासून सोडवतात, आतडं आत ढकलतात आणि कड्याचे दोन काठ आडव्या रेषेत विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. मोठ्या माणसांना घालतात ती जाळी मुलांना लागत नाही, कारण काठ अजून वाढते असतात. मग बेंबीची कातडी एका टाक्याने आत, शिवलेल्या भिंतीला टाचतात, नाहीतर खळगा पडत नाही आणि बेंबी सपाट राहते. वर कापसाचा घट्ट बोळा बांधतात, तो दोन-तीन दिवस राहतो. मूल बहुधा त्याच संध्याकाळी घरी जातं. लोंबलेली जादा कातडी तेव्हा सुरकुतलेली दिसते आणि आई विचारते, हे असंच राहणार का? ती सहसा कापत नाहीत, पुढच्या काही महिन्यांत ती आपोआप आक्रसते.